मुकी गाडी

"ताई, सोडा ना ब्रेक."

"सोडलाय कधीचा."

शेजारी उभी असलेली शिकवणारी हसली. "मग निघालोय आपण. समोर बघा जरा."

ताईंनी काचेबाहेर पाहिलं. बोगद्याच्या भिंतीवरचे दिवे खरंच मागे सरकत होते, आणि त्यांच्या कानांना त्याचा पत्ताही नव्हता. संपलं सगळं, त्यांना वाटलं. कान गेले.

भुयारी रेल्वेनं गाडी चालवायला म्हणून ज्या पहिल्या बायका घेतल्या, त्यांतल्या ताई एक. बाकीच्या कधीच निवृत्त होऊन नातवंडांत रमल्या होत्या. ताईंचं सगळं आयुष्य जुन्या गाडीबरोबर गेलं, आणि जुनी गाडी होती महातोंडाळ. सुटताना कण्हायची, वळणावर किंचाळायची, थांबताना असा सुस्कारा टाकायची, की जणू प्रवाशांना तीच डोक्यावरून वाहून आणते आहे. ताई तिला डोळ्यांपेक्षा कानांनीच चालवायच्या. कुठल्या डब्याचं काय दुखतंय, हे त्यांना आवाजावरून कळे.

नवी गाडी येणार, येणार म्हणून आगारात बोलणी सुरू होऊन युगं लोटली होती. अखेर ती आली, तेव्हा सगळे हातातली कामं टाकून बघायला धावले. दारं इतकी रुंद की शेजारी शेजारी चौघं आत जावीत. पहिल्या डब्यात उभं राहिलं की शेवटच्या डब्यापर्यंत आरपार दिसे. चालकाच्या खोलीत जुन्या चाकांचा, खटक्यांचा पसारा नाही. मुठीत मावेल अशी एकच दांडी. पुढे लोटली की वेग, मागे ओढली की ब्रेक. ताईंनी तेव्हा खुर्चीच्या पाठीवरून हळूच हात फिरवला होता. निवृत्तीआधी एकदा ही हाताखाली यावी, एवढंच त्यांचं मागणं होतं.

आणि आज, रिकाम्या फेरीवर का होईना, ती हाताखाली होती.

"मला काही ऐकूच येत नाहीये गं," न राहवून त्या म्हणाल्या.

"मला तरी कुठे येतंय? गाडीच मुकी आहे, ताई. डबे हवेच्या उशांवर बसवलेत. मोटारी नुसत्या गुणगुणतात."

ताईंचा जीव भांड्यात पडला. त्या मोठ्यानं हसल्या. ही शिकवणारी एके काळी त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. तेव्हा इतकी किरकोळ होती, की ताईंनी तिचं नाव पाखरू ठेवलं होतं. आता तेच पाखरू त्यांना नवी गाडी शिकवत होतं, आणि त्यात ताईंना कमीपणा वाटण्याऐवजी कौतुकच वाटत होतं.

दोन स्टेशनं मजेत गेली. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी चालली होती. मग एका उतारावर, ताईंनी काहीही केलेलं नसताना, तिनं स्वतःच ब्रेक लावला आणि बोगद्याच्या मधोमध उभी राहिली.

"काय झालं गं हिला?"

"ताई, दांडीवरचं बटण दाबायचं राहिलं. वाजलं ना आत्ता? इशारा वाजला की लगेच दाबायचं. नाहीतर चालकाचं लक्ष नाही असं समजून गाडी थांबते."

"वाजलं? कधी?"

पाखरानं समोरच्या पडद्यावर काहीतरी केलं, आणि ती ताईंच्या तोंडाकडे बघत राहिली.

"आत्ता वाजतंय, ताई."

ताईंनी कान टवकारले. खोलीत काहीही वाजत नव्हतं.

गाडी आगारात परतली तेव्हा पाखरानं खोलीचं दार आतून लावून घेतलं. "हे बघा," ती घाईघाईनं म्हणाली, "आवाजाबरोबर पडद्यावर दिवाही लागतो. त्याच्याकडे लक्ष ठेवलं की झालं. तुमची थोडीच तर वर्षं राहिलीत. मी कुणाजवळ ब्र काढणार नाही. तुमच्यामुळे मी इथे आहे."

ताईंना मोह झाला नाही असं नाही. हात अजून त्या दांडीवरच होता.

"बघते," एवढंच त्या म्हणाल्या.

घरी नवरा शिलाईच्या मशीनवर वाकून बसला होता. शिंपीकाम घरातच चाले, त्यामुळे बोलायचं तर मशीनवरून ओरडूनच. ताईंनी चहाचे दोन कप आणून ठेवले आणि म्हणाल्या, "अहो, मला कमी ऐकू येतंय."

त्यानं पाय थांबवला. "माहितेय मला."

"माहितेय? मग इतके दिवस बोलला नाहीत ते?"

"अगं, बायकोला ऐकू येत नाहीये की ती ऐकतच नाहीये, हे ओळखणारा नवरा अजून जन्माला यायचाय."

ताईंना हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. त्यांनी सगळं सांगितलं. गाडी कशी थांबली, पाखरू काय म्हणालं.

"पोरगी चांगली आहे," नवरा म्हणाला. "तुझ्यासाठी खोटं बोलेल."

"बोलेल हो. पण मी गाडी घेऊन निघाले की तिच्या जिवाला घोर. आणि मागे माणसं असतात, त्यांना काय माहीत की पुढे बसलेलीला घंटा ऐकू येत नाही?"

"मग ठरलंच आहे की तुझं. मला कशाला विचारतेस?"

"विचारत नाहीये. सांगतेय."

"तेच म्हटलं," तो म्हणाला आणि त्यानं आपल्या बशीतलं बिस्कीट तिच्या बशीत ठेवलं.

दुसऱ्याच दिवशी ताई आपल्या पायांनी साहेबांकडे गेल्या आणि तपासणी मागितली. कानाच्या डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. बारीक, उंच आवाज ऐकण्याची ताकद गेली होती. बोगद्यातल्या गोंगाटानं ती कणाकणानं खाल्ली, आणि त्याच गोंगाटानं ते झाकूनही ठेवलं. कानात यंत्र बसवलं तर रोजचं बोलणं छान ऐकू येईल. पण गाडी आता चालवायची नाही.

पाखरू रडलं, चिडलं. "हिच्यासाठी इतकी वर्षं थांबलात, आणि हिनंच तुमचा घात केला!"

"घात कसला, वेडे? जुनीबरोबर तीस वर्षं संसार केला, पण तिनं कधी सांगितलं नाही. ही पहिल्या भेटीत तोंडावर बोलली. काही विपरीत घडायच्या आत बोलली. मी तर तिचे पाय धरायला हवेत." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "पण चालते किती सुंदर गं ती."

आगारानं त्यांना नव्या चालकांच्या वर्गावर घेतलं. बोगद्यातली वळणं, उतार, कुठे पाणी झिरपून रूळ निसरडे होतात, हे त्यांच्याइतक्या आपुलकीनं सांगणारं दुसरं कोणी नव्हतं.

नवी गाडी लोकांसाठी सुरू झाली, त्या आठवड्यात एका सकाळी ताई तिच्यातून कामावर निघाल्या. प्रवासी म्हणून. कानात यंत्र होतं. डब्यात कोणीतरी वर्तमानपत्राचं पान उलटलं, तो आवाजही त्यांना आला. दोन मुली कुणाच्या तरी लग्नावरून कुजबुजत होत्या. एक आजोबा दबक्या आवाजात खोकत होते. एवढी वर्षं ही माणसं आपल्या पाठीमागे होती, आणि त्यांचा आवाज आज पहिल्यांदा कानी पडतोय, हे त्यांच्या मनात आलं.

शेजारी एक नर्स येऊन बसली. रात्रपाळी करून आली असावी. गणवेशाच्या बाहीवर औषधाचा डाग होता. बसल्या बसल्या तिची मान कलली, आणि गाडीला एकही हिसका न बसता तिचं डोकं हळूच ताईंच्या खांद्यावर टेकलं.

ताईंचं स्टेशन आलं. दारं उघडली. त्यांनी पिशवीचा बंद धरला होता, तो सोडला आणि खांदा थोडा खाली केला, म्हणजे तिची मान अवघडू नये. दारं मिटली. गाडी पुढे निघाली.