दिलशादचा नुस्खा

उमरग्याच्या बाजारात पाशामियाँचं अत्तराचं दुकान होतं आणि त्या दुकानात ‘दिलशाद’ नावाचं अत्तर मिळायचं. लोहाऱ्यापासून जळकोटापर्यंत कुणाच्या घरी लग्न निघालं, की बस्ता बांधून झाल्यावर माणूस पाशामियाँच्या ओट्यावर येणारच. गुलाब, केवडा, हिना कुठंही मिळतात. दिलशाद फक्त इथं. कशाकशाचं करता, असं कुणी विचारलं की पाशामियाँ दाढीवरून हात फिरवत म्हणायचे, ‘‘वाडवडिलांची देणगी हाय. सात फुलं लागतात. याच्याम्होरं इचारू नका.’’

सात फुलं कसली नि काय कसली! दिलशाद म्हणजे चंदनाच्या तेलात मिसळलेला एका निळ्या डब्यातला अर्क. तो डबा विलायतेतली एक कंपनी भरायची, मुंबईचा दलाल सोलापूरपर्यंत पोचवायचा आणि पाशामियाँ तो कोटाच्या आतल्या खिशातून करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका चुकवून निजामाच्या मुलखात आणायचे. डब्यावर नुसता एक आकडा. आत काय आहे ते दलालालाही ठाऊक नव्हतं. कंपनी ते कुणालाच सांगत नसे. वडिलांनी शिकवलेला गुलाब आणि केवडा पाशामियाँ झकास काढत, त्यात वाद नाही. पण ज्याच्यावर त्यांचं नाव चालत होतं, त्यात त्यांचं काडीचंही काही नव्हतं. हे त्यांच्या बायकोला, शरिफाबीलाही, माहीत नव्हतं. मिसळायची वेळ आली की आतल्या खोलीला आतून कडी लागायची आणि काम झालं की बाहेरून कुलूप. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मूठ खुशाल झाकावी, पण घरात मुलगा होता. बशीर एकुलता एक. नाक असं तिखट की बूच लावलेल्या कुपीजवळून जाताना आत मोतिया आहे की चमेली ते सांगायचा. या घराण्याची एक रीत होती. मुलाच्या निकाहाच्या आदल्या दिवशी चार नातेवाइकांसमोर बापानं घरचा नुस्खा त्याच्या कानात सांगायचा. तोवर मुलगा कारागीर, त्यानंतर वारस. पाशामियाँना त्यांच्या वडिलांनी केवडा असाच दिला होता. बशीरला गुलाब-केवडा तर मिसरूड फुटायच्या आधीपासून येत होता. त्यामुळं लोहाऱ्याच्या रजियाशी त्याच्या निकाहाचा आदला दिवस उजाडला तेव्हा अख्ख्या बिरादरीला माहीत होतं, आज दिलशाद.

बशीर मान खाली घालून बसला. पाशामियाँ त्याच्या कानाशी वाकले. ‘पोरा, डबा हाय, मुंबईहून येतो,’ एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण वीस वर्षं सात फुलांची थाप मारल्यावर पोटच्या पोरापुढं खुजं कोण होणार? ते पुटपुटले, ‘‘तू अजून लायक झाला न्हाईस. येळ आली की सांगतो.’’

लोक ‘मुबारक, मुबारक’ करत उठले. बशीरनं मान वर केली तेव्हा कुणीतरी मुस्काटात ठेवून दिल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. महिन्याभरात तो रजियाला घेऊन मुंबईला गेला. जाताना आईला एवढंच म्हणाला, ‘‘अम्मा, अब्बांचा माझ्यापरीस कुलपावर भरवसा जास्ती हाय.’’ शरिफाबी रडली, भांडली, अन्नपाणी सोडून बसली. पाशामियाँ म्हणाले, ‘‘येईल. जातो कुठं?’’ बापाचा तोरा हा असा. पोराचं काळीज कापलं तरी हे आपले ओट्यावर ताठ बसलेले.

मग विलायतेची लढाई पेटली आणि जहाजं बंद झाली. दलालाचा निरोप आला, माल नाही, येईल याची खात्रीही नाही. शेवटचा डबा खरवडून संपला. दिलशाद नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक कुरकुरायला लागलं आणि पाशामियाँना दरदरून घाम फुटला. आता त्यांच्याजवळ काय होतं? एक रिकामा डबा आणि त्याला चिकटून राहिलेला वास. तो हुंगायचा आणि आपल्या मुलखात त्या वासाच्या जवळचं काय उगवतं ते शोधायचं, एवढाच मार्ग उरला.

डब्यात कस्तुरीसारखं काहीतरी होतं. त्यासाठी मुष्कदाणा, म्हणजे कस्तुरभेंडीचं बी, कुटून घातलं. अत्तराला ओल्या घोंगडीचा वास यायला लागला. गोडीसाठी लोबान घातला, तर कुणाच्या तरी मयताच्या चाळीसाव्याला बसल्यासारखं वाटायला लागलं. उन्हात तापलेल्या कडब्याचाही एक वास त्यात होता, पण गवत उकळून बघितलं तर सरळ गोठाच! किती चंदनाचं तेल मातीत ओतलं त्याची गणती नाही. म्हाळसाबाई देवीला वाहायचा दवणा विकायला बसायची, तिच्याकडून टोपलीच्या टोपली दवणा आणला. त्यानं गोडी जरा जागेवर आली. तरी बूड लागेना. नुसतं वरवरचं, दुपारपर्यंत उडून जाणारं.

ते बूड लव्हाळ्यानं दिलं. लव्हाळा म्हणजे कुणब्याचा वैरी. खुरपून खुरपून हात मोडले तरी पुन्हा उगवणारं तण. पण त्याच्या मुळाच्या गाठी भाजून, चेचून, भट्टीवर चढवल्या की तळाचा एक गडद वास सुटतो, आणि तो बाकी सगळ्यांना धरून ठेवतो. पाशामियाँ पोतं घेऊन रानात गेले तेव्हा बब्रुवान कुणबी खो खो हसला. ‘‘न्या की मियाँ! समदं रान न्या, वर बैल बी देतो नांगरायला!’’

गाठी धुवायचं काम शरिफाबीचं. माती काढता काढता तिची नखं काळी पडली. धुतलेली टोपली ती दारापाशी ठेवायची, पाशामियाँ ती उचलून आत न्यायचे आणि कडी लावायचे. आता लपवण्यासारखं काही नव्हतं. उलट दाखवण्याजोगं काहीतरी आयुष्यात पहिल्यांदा हाती लागत होतं. तरी कडी लागायचीच. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते काय उगाच?

दोन-तीन वर्षं अशी गेली आणि एकदाचं ते जमलं. तहसिलातले पेशकार विष्णुपंत दिलशादचे जुने शौकीन. पाशामियाँनी त्यांच्या मनगटाला नवं अत्तर लावलं आणि श्वास रोखून उभे राहिले. विष्णुपंतांनी हुंगलं, डोळे मिटले, पुन्हा हुंगलं. ‘‘वा मियाँ! अडकलेला माल आला म्हणायचा! तेच, अगदी तेच!’’

पाशामियाँना हसावं की रडावं कळेना. हे मी केलंय, माझं आहे, असं भर बाजारात ओरडावंसं वाटलं. पण ओरडायचं तर आधीचं मी केलं नव्हतं, हेही ओरडावं लागणार! ते आत गेले आणि मुष्कदाण्याच्या पोत्यावर बसून पोटभर रडले. त्यांना आता एकाच माणसाला हे सांगायचं होतं. बशीरला त्यांनी पत्र घातलं, ‘ये. आता सांगतो.’

लढाई संपली, जहाजं सुरू झाली, तरी उत्तर नव्हतं. मग एका सकाळी सोलापूरच्या मोटारीतून बशीर उतरला. एकटाच. आईच्या पाया पडला, बापाला सलाम केला आणि पाणी पिऊन झाल्यावर पिशवीतून एक निळा डबा काढून चटईवर ठेवला.

‘‘अब्बा, ह्योच ना?’’

पाशामियाँनी डब्यावरचा आकडा बघितला, तोच होता.

‘‘ह्या डब्याच्या दलालाच्याच पेढीवर नोकरीला हाय मी,’’ बशीर म्हणाला. ‘‘माल सुरू झाल्यावर डबा उघडला नि पहिल्याच वासाला वळखला. मालकाला इचारलं तर म्हणतो, उमरग्याचे एक मियाँ दर साली न्यायचे.’’

‘‘कसला डबा?’’ शरिफाबीनं विचारलं. तिनंच तो उचलला, झाकण काढलं, वास घेतला आणि नवऱ्याकडं बघितलं. ‘‘हे तर दिलशाद हाय. म्हंजी त्या दिवशी पोराच्या कानात सांगायला तुमच्यापाशी कायच नव्हतं?’’

‘‘नव्हतं.’’

‘‘मंग लायक न्हाईस म्हणून त्याला कशापायी म्हणलात?’’

पाशामियाँनी बशीरचा हात धरला. ‘‘तवा डबा होता. खोटं बोललो. पर आता न्हाय. लढाईत म्या सोता केलंय, बिगर डब्याचं. मुष्कदाणा, लोबान, दवणा नि लव्हाळा. वजनं सांगतो, भट्टी दावतो. चल आत.’’

‘‘लव्हाळा?’’ बशीर म्हणाला. ‘‘रानातलं तण?’’

‘‘बघ तर खरं!’’ पाशामियाँनी कापसाचे दोन फाये केले. एक डब्यातल्या अर्कानं भिजवला, चंदनाच्या तेलात घोळवून. दुसरा आपल्या कुपीतल्या दिलशादनं. दोन्ही बशीरच्या तळहातावर ठेवले.

बशीरनं घाई केली नाही. हा हुंगला, तो हुंगला. दाराशी जाऊन मोकळ्या हवेत पुन्हा दोन्ही हुंगले. जगात या नाकाला फसवणारं अत्तर नव्हतं, हे पाशामियाँना पक्कं ठाऊक होतं, आणि त्या नाकाकडं ते आशेनं बघत उभे होते.

‘‘रत्तीभर फरक न्हाई,’’ बशीर म्हणाला.

‘‘न्हाई ना?’’ पाशामियाँचे डोळे भरून आले.

‘‘मंग अजून डबाच वापरताय की, अब्बा. दुसऱ्या दलालाकडून घेत असाल. तणाच्या मुळ्यांतनं हे निघतं व्हय? थोडा तरी फरक पडला असता तर मी मानलं असतं.’’

तीन वर्षं जो फरक पाशामियाँ मिटवत आले, तोच आज थोडासा उरायला हवा होता! ‘‘ऱ्हा इथं,’’ ते म्हणाले. ‘‘भट्टी लावतो तुज्यासमोर. अत्तर मुरायला येळ लागतो, पर ऱ्हा.’’

‘‘परवा कामावर हजर व्हायचंय. आणि येळ आल्यावर दावतो, हे मी एकदा ऐकलंय.’’

पाशामियाँ बायकोकडं वळले. ‘‘तू सांग त्याला! तुझ्या हातानं धुतल्यास गाठी. नखं बघ म्हणावं!’’

शरिफाबीनं स्वतःच्या हातांकडं बघितलं. मग मुलाकडं. तिला खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं तिला ठाऊक नव्हतं. ‘‘गाठी धुतल्या म्या,’’ ती म्हणाली. ‘‘टोपलीच्या टोपली धुतल्या. पर आत काय घालत होता, ते तुमी मला कवा बघू दिलं? कडी लावून घेत होता.’’

बशीरनं आईच्या हातचं जेवण केलं, रजियाची खुशाली सांगितली, दुपारच्या मोटारीची वेळ झाली तसा उठला. पाशामियाँनी डबा त्याच्या पिशवीत ठेवायला उचलला. बशीरनं तो हळूच परत बापाच्या हातात दिला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर पाशामियाँना तो सोसला असता.

‘‘ऱ्हाऊ द्या, अब्बा. तुमाला लागंल. संपला की कळवा, मी पाठवत जाईन.’’