मंडई ते स्वारगेट

लोणी काळभोरच्या आनंदीबाईंनी सत्तरी ओलांडली, पण एकटीनं कुठं जायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. लग्नाआधी वडील, मग नवरा गेनबा, आणि गेनबांच्या गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून मुलगा विक्रम. विक्रमचा प्लॉट घेण्या-विकण्याचा धंदा. आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं सदाशिव पेठेत न्यायचं म्हटलं की तो कपाळाला आठ्या घालून गाडी काढायचा आणि हडपसरच्या गर्दीत सगळ्या दुनियेचा उद्धार करत पोचायचा. त्या सोमवारी तर त्यानं चहा पिता पिताच सांगून टाकलं, "आई, आज जमत न्हाय. फुडच्या आठवड्यात बघू."

आनंदीबाईंनी डॉक्टरांची चिठ्ठी परत डब्यात ठेवली. पण मागच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या वेणूबाईंनी दोरीवर कपडे टाकता टाकता सगळं ऐकलं होतं. वेणूबाई अमरावतीकडच्या. मुलगा इथं कारखान्यात लागला म्हणून आल्या आणि वर्षभरात पुण्याच्या निम्म्या बस पालथ्या घालून बसल्या.

"काहून थांबता हो?" त्या म्हणाल्या. "चाला माझ्यासंगं. बस काय फक्त गडीमाणसांसाठीच आहे काय?"

आनंदीबाई नेसत्या लुगड्यानिशी निघाल्या. बसमध्ये बायकांच्या जागेवर एक कॉलेजचा पोरगा कानात इयरफोनची बोंडं घालून बसला होता. वेणूबाई नुसत्या त्याच्यासमोर उभ्या राहिल्या, तसा तो उठला. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू अजून कच्चा आहे, घाई नाही. मग बुधवार पेठेत दगडूशेठचं दर्शन झालं, रस्त्यात उभ्यानं उसाचा रस झाला, आणि परत स्वारगेटला जायची वेळ आली तेव्हा वेणूबाई हळूच म्हणाल्या, "मंडईपासून एकच स्टेशन आहे. मेट्रोनं जाऊ."

"जमिनीखालनं?"

"खालूनच."

सरकत्या जिन्यावर आनंदीबाईंनी वेणूबाईंचा दंड असा धरला की दुसऱ्या दिवशी वळ दिसावा. पण खाली गेल्यावर त्यांना बरं वाटलं. गार हवा, लखलखीत फरशी, आणि वर एवढी मंडई गजबजलेली असून खाली गलका नाही. गाडी आली. वेणूबाई झपकन आत शिरल्या. आनंदीबाई पाय उचलणार तोच एक कुटुंब बॅगा ओढत मधे आलं. ते आत जाईपर्यंत त्यांची नजर खालच्या फटीकडं गेली आणि पाय जागीच थिजला. दारं मिटली. काचेपलीकडं वेणूबाईंचं तोंड हलताना दिसलं, आणि गाडी निघून गेली.

तिकिटं वेणूबाईंकडं. आनंदीबाईंचा फोनही त्यांच्याच पिशवीत. विक्रमला कळलं तर काय म्हणेल, हे पहिलं मनात आलं. आता आपलं काय होईल, हे त्यानंतर.

निळ्या गणवेशातली एक सुरक्षारक्षक मुलगी धावत आली. "आजी, घाबरू नका. इथंच बसा. मी स्वारगेटला कळवते, त्या दुसऱ्या आजींना परत पाठवायला सांगते."

आनंदीबाई बाकावर टेकल्या. पाणी प्यायल्या. समोर भुयाराचं काळं तोंड दिसत होतं. वेणूबाई परत येणार, हात धरणार, नेणार. आजवर असंच तर झालं होतं. त्यांनी त्या मुलीकडं पाहिलं. विशी-बाविशीची असेल. कमरेला वॉकीटॉकी लावून ती एकटी एवढा फलाट सांभाळत होती.

"पोरी," त्या म्हणाल्या, "तिला माघारी नको पाठवायला सांगू. हलू नको म्हनावं. मी येती."

"एकट्या? नक्की?"

"एकच ठेसन हाय न्हवं?"

मुलगी हसली आणि वॉकीटॉकीवर बोलली. पुढची गाडी आली तेव्हा ती दाराशी उभी राहिली, पण हात काही दिला नाही. आनंदीबाईंनीच नको म्हणून खूण केली होती. त्यांनी लुगडं वर खोचलं, फटीकडं न बघता समोर बघितलं, आणि पाऊल टाकलं.

आत एका बाईनं जागा दिली तरी त्या बसल्या नाहीत. दांडा धरून उभ्याच राहिल्या. खिडकीबाहेर अंधार पळत होता आणि काचेत त्यांना एक नाकात नथ घातलेली, ताठ उभी म्हातारी दिसत होती. बरी दिसती की, त्यांना वाटलं.

दारं उघडली तर समोर वेणूबाई, रडवेल्या. "मायबाई! जीव गेला होता ना माझा!"

"का? मी काय लहान हाय?" असं म्हणून आनंदीबाई इतक्या हसल्या की वेणूबाईंनाही डोळे पुसता पुसता हसू आलं.

लोणीच्या बसमध्ये त्या दोघी खिडकीशी बसल्या आणि फोन वाजला. विक्रम ओरडत होता, "आई, हायेस कुठं तू? डॉक्टरकडं एकटी गेलीस?"

"डॉक्टरकडं वेणूबाईंसंगं गेली. मेट्रोनं एकटी गेली."

पलीकडं विक्रमचा आवाज खाली आला. मग, "कुठपर्यंत?"

"मंडई ते स्वारगेट," आनंदीबाईंनी असं सांगितलं की शेजारच्या प्रवाशानं वळून पाहिलं.

फोन ठेवून त्या वेणूबाईंकडं वळल्या. "ती गाडी दुसऱ्या अंगाला कुठवर जाती वो?"

"पिंपरीपर्यंत."

पिंपरीला त्यांची भाची तेजस्विनी राहायची. तिच्या घरी वास्तुशांतीला जायचं राहून गेलं होतं, पुढं बाळाच्या बारशालाही. न्यायला कुणाला सवड नव्हती म्हणून.

"गुरुवारी तुमचं काय हाय?" आनंदीबाईंनी विचारलं.

"काहीच नाही."

"मग सकाळीच निघू. पिंपरीला माझ्या भाचीकडंच जेवू."