देवकीची खारी अगाशी

महालक्ष्मीची आण, दर्याची आण, माझ्या उरलेल्या चार दातांची आण! यातला शब्द न् शब्द खरा हाय. ज्याला खोटं वाटत असेल त्यानं आत्ताच उठून जावं, मागाहून कुजबुजायचं नाय.

साठ साली मराठी राज्य झालं, त्याच्या आदल्या सालची गोष्ट. वरोरला तेव्हा सगळी घरं कौलांची, नायतर झावळ्यांची. एकट्या मोतीराम तांडेलाच्या ओटीवर सपाट छत. डहाणूला कुणा बागवाल्याच्या बंगल्यावर त्यानं तसलं बघितलं, नि डोक्यात घेऊनच घरी आला. सागाचे वासे, वर फळ्या, त्यावर विटांच्या तुकड्यांचा नि चुन्याचा जाड कोबा. गाव त्याला अगाशी म्हणायचा. मोतीरामाची बायको देवकी त्या अगाशीवर अशी उभी राहायची, की खालून जाणाऱ्याला वाटावं, वारा हिला विचारून सुटतो.

वर ती जवळा सुकवायची नि वाणगावच्या बाजारात ओरडायची, "अगाशीचा जवळा घ्या गो! दाताखाली रेती लागली तर टोपली तुमची!"

शेजारची शांती एकदा म्हणाली, "देवके, माझी दोन सुपं टाकू का गो वर?"

"अगाशी हाय ती. धर्मशाळा नाय."

अशी देवकी.

तोवर अगाशीवर चार पावसाळे बरे गेले होते. पाचव्यात कोब्याला भेगा पडल्या. मग वैशाखात वरचा थर उकरला, नि नवा घालायला गंजाडहून बाया बोलावल्या. पाच बाया, नि त्यांची म्होरकी लाडकी. कोबा चोपावा तर लाडकीनं. ओळीनं उकिडव्या बसायच्या, हातात लाकडाची थापी, गुळाचं पाणी शिंपडायचं नि गाणं म्हणत चोपायचं. गाण्यावर सगळ्यांची थाप एकदम पडते, नि एकदम पडली की थर दबून बसतो. दोन थापांमधे मुंगी अडकली तर तिचाही कोबा होतो.

मोतीराम होडी घेऊन बाहेर गेलेला. सामान देवकीनंच गोळा केलं. लाडकी रेतीच्या ढिगापाशी थांबली. चिमूटभर उचलली, जिभेवर ठेवली, थुंकली.

"बाय, ही रेती खारी हाय. किनाऱ्यावरची आणलीस ना? नदीची आण, गोड्या पाण्याची."

गंजाडकडं लहानथोर सगळ्यांना 'तू' म्हणतात, त्यात उर्मटपणा नाय. पण देवकीच्या कानाला तो 'तू' टोचला.

"दारात देवानं एवढी रेती ओतलीय, नि मी गाडी जुंपून रेती आणू?"

"खारी रेती पाणी बोलवते, बाय. घर कधी सुकायचं नाय."

खाली शेजारणी येऊन उभ्या होत्या. शांती पण होती. त्यांच्या देखत एका मजूरबाईनं चूक काढली. देवकीनं कमरेवर हात ठेवले.

"दर्या माझ्या दारात, नि ही डोंगरातली मला त्याची चव शिकवणार? भूक लागली असेल तर भाकर माग गो! रेती कशाला चाटते?"

शेजारणी फिदीफिदी हसल्या. लाडकी हसली नाय, रडली पण नाय. थापी उचलली नि बसली. गाणं मात्र एकीनंही म्हटलं नाय. तीन दिवस नुसती ठकठक, एकीची आधी, एकीची मागं. देवकीला खाली स्वैपाकात ती ठकठक ऐकवेना. पण वर जाऊन एक शब्द बोलावा, तर तेही झालं नाय.

श्रावणात अगाशी गळायला लागली. गळायला म्हणजे कशी! छताच्या पाण्यात डाळ शिजवली, तर मीठ घालायला लागायचं नाय. भिंतीला लोणा असा फुटला की शांती नखानं खरवडून मासे खारवायला न्यायची. एक तांबडा खेकडा वाट चुकून अगाशीवर चढला, तर दर्या इथंच आला म्हणून बीळ करून राहिला. त्याची बायको रोज ओहोटीला खालून हाका मारायची. हसू नका. आण घेतलीय मी.

नि त्याच दिवसांत मालूला बघायला पाव्हणे आले. मालू म्हणजे देवकीची एकुलती लेक. चिंचणीचा नारूभाऊ आपल्या पोरासाठी, सदानंदासाठी, मागणी घालायला आला. अगाशीचं नाव त्यानं बाजारात ऐकलेलं. पोरगी आवडली, सदानंद तर मान वर करीना इतका खूश झाला. देवकीनं नारूभाऊच्या हातात चहाचा कप दिला, नि वरून टपकन एक थेंब कपात. मग दुसरा. नारूभाऊनं घोट घेतला, मिशी पुसली.

"वहिनी, आमच्याकडं चहात साखर घालतात."

सोयरीक जाते की काय! देवकीच्या तोंडाला येईल ते आलं.

"गंजाडच्या बाया, भाऊ! लाडकी म्हणून हाय एक. कामचुकार. नीट चोपलंच नाय. मला काय कळतं त्यातलं?"

"आये, रेती तर तूच..." मालू बोलायला गेली.

"गप बस तू!"

नारूभाऊनं मान हलवली. "माघापर्यंत नीट करून घ्या. मग लग्न. गळक्या घराशी सोयरीक केली म्हणून लोक मला हसतील." एवढं बोलून गेला, नि वाणगावच्या दुकानादुकानात सांगत गेला की गंजाडच्या बायांच्या हातात कोबा देऊ नका.

दसऱ्यानंतर डहाणूचा गवंडी आणला. त्यानं कोबा बघितला, बोटानं उकरून रेती बघितली, नि देवकीकडं बघून काय ते समजला. म्हणाला, "चोपणीत खोट नाय हो. हा हात लाडकीचा. परत चोपायचं तर तिलाच आणा. दुसरीची हमी मी देत नाय."

देवकी चालत गंजाडला गेली. लाडकी दारात भात कांडत होती. मुसळ खाली ठेवलं नाय तिनं.

"कामं चालू हायत ना?" देवकीनं विचारलं.

"कोब्याला कोण बोलवीत नाय. लाकडं विकते." मुसळ खाली, मुसळ वर. "तुझी अगाशी गळली ना, बाय."

देवकीला वाटलं, उखळात आपलंच डोकं हाय. नजर जमिनीवर ठेवून ती म्हणाली, "ये गो परत. मालूचं लग्न अडलंय. रेती तू सांगशील तिथली."

"येईन. पण तू बोलशील? त्या पाव्हण्यासमोर? रेती तुझी होती म्हणून?"

"बोलीन."

"सगळ्यांच्या देखत?"

"बोलीन म्हटलं ना."

कार्तिकात सूर्या नदीची गोड रेती गाडीनं आली. जुना थर उकरला, खेकड्याला मानानं दर्यावर नेऊन सोडला. नारूभाऊ मुद्दाम काम बघायला आला, खाली अंगणात उभा राहिला. शेजारणी जमल्या. लाडकी नि तिच्या बाया वर ओळीनं. देवकी जिन्याच्या वरच्या पायरीवर आली, पदर सावरला, नि मोठ्यानं बोलली, "नारूभाऊ, ऐका! पहिल्या वेळेला खोट माझी. रेती माझी होती. लाडकीनं सांगितलं होतं, मी ऐकलं नाय."

मग थापी पडायला लागल्या. माघात मालूचं लग्न झालं, मांडव अगाशीवरच. ती अगाशी आजवर गळली नाय.

झालं. उठा आता.

बसा, बसा. आण घेतलीय, तेव्हा सांगून टाकते. डाळ खरी. लोणा खरा. खेकडा तर खराच. एक गोष्ट तेवढी मी पदरची घातली.

देवकी बोलली नाय.

जिन्यावर आली होती. नारूभाऊ वर बघत होता, मालू बघत होती. लाडकी थापी हातात धरून वाट बघत होती, एकीलाही हात हलवू देईना. देवकीनं तोंड उघडलं, नि त्यातून निघालं ते एवढंच, "चहा टाकू का गो सगळ्यांना?"

लाडकीनं खाली मान घालून पहिली थाप मारली. काम चोख केलं तिनं, पहिल्या वेळेसारखंच. तिला नि तिच्या बायांना कोब्याला पुढं कुणी बोलावलं नाय.

देवकी अजून बोललेली नाय. आता बोलून तरी काय, लाडकी जाऊन तीन सालं झाली.