दहापैकी तीन

त्या तक्त्यावर शेवटच्या रकान्यात एकच शब्द होता, 'मूल्य', आणि त्याखाली दहापैकी आकडा भरायची चौकट. एवढ्याशा शब्दाने घात केला. तीन शिकलेली माणसं एका टेबलाशी बसली होती, पण एकाच्याही तोंडून निघालं नाही की बाबांनो, मूल्य म्हणजे नक्की काय? विचारलं तर आपल्याला येत नाही असं दिसेल, ही शिकलेल्यांची जुनी खोड.

झालं असं की इस्पितळात रक्ताच्या एका आजारावर नवं औषध आलं, तेही आठच जणांना पुरेल इतकं. अर्ज आले एकतीस. डॉक्टर म्हणाले, तपासण्यांचे आकडे बघू. तत्त्वज्ञानाच्या बाई म्हणाल्या, नुसत्या आकड्यांतून माणूस कळत नाही, प्रत्येकाने आपल्या जगण्याबद्दल एक पान लिहून द्यावं. आता पानं वाचायची तर साहित्यातला माणूस हवा, म्हणून मास्तरला निवड समितीवर बोलावलं. तीस वर्षं कविता शिकवून "याचा उपयोग काय हो?" हेच ऐकत आलेला माणूस तो. आठवडाभर स्वारी हवेत होती.

एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो, उगाच ताणत नाही. मास्तरच्या थोरल्या बहिणीला तोच आजार होता. घरात ही दोघंच. अर्ज कर म्हणून त्याने तिला सांगितलं, तर ती म्हणाली, "मला कुठलं लिहिता येतंय? आणि तू तिथे बसलेला. उद्या लोक म्हणतील, भावाचा वशिला."

"मग मी बाहेर पडतो समितीतून."

"काही नको! इतक्या वर्षांनी कुणीतरी विचारलंय तुला. माझं आहे ते औषध चालू आहे, तेवढं पुरे."

मास्तरने पुन्हा विषय काढला नाही. खरं सांगायचं तर त्याला ती खुर्ची हवी होती. आणि ताईने त्याला न सांगता अर्ज टाकला. कचेरीत सगळी पानं टाइप झाली, नावं काढून नंबर पडले. सतरा नंबरचं पान तिचं.

त्यात लिहिलं होतं: "मी सकाळी लवकर उठते. खिडक्या उघडते. कुंड्यांना पाणी घालते. शर्टांची तुटलेली बटणं लावून ठेवते. घरी एक माणूस आहे. त्याला जेवताना समोर कुणीतरी लागतं, नाहीतर तो अर्धपोटी उठतो. म्हणून मला अजून काही वर्षं हवी आहेत. आणखी लिहिण्यासारखं काही नाही."

मास्तरच्या अंगात त्याच शर्टांपैकी एक होता. बटणं कोण लावतं, असा प्रश्न त्याला जन्मात पडला नव्हता. त्याने लाल पेन काढलं, 'उठते, उघडते, घालते'खाली रेघ मारली आणि समासात लिहिलं, "नुसती यादी. अनुभव नाही." 'एक माणूस'पुढे लिहिलं, "कोण माणूस? अस्पष्ट." आणि मूल्य? दहापैकी तीन. चौदा नंबरचा गडी मात्र लिहिणारा निघाला. मृत्यूशी बुद्धिबळ, कोरडी नदी, सगळं होतं त्यात. ते पान मास्तरने मोठ्याने वाचून दाखवलं, दोन ओळी पुन्हा वाचल्या, आणि नऊ दिले.

पंधरा दिवसांनी सह्यांसाठी तिघं पुन्हा जमले. आठ जणांना पहिला डोस देऊन झाला होता. डॉक्टर नोंदीसाठी नावं वाचत होते.

"नववा, म्हणजे हुकलेला पहिला, नंबर सतरा," ते म्हणाले आणि त्यांनी ताईचं नाव वाचलं.

मास्तरला आधी वाटलं, त्याच नावाची दुसरी कुणी असेल. मग पत्ता वाचला गेला.

"ही माझी बहीण आहे," तो म्हणाला.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "अरेरे! तपासण्यांत त्या पहिल्या होत्या हो. औषध सगळ्यांत चांगलं त्यांनाच लागू पडलं असतं. एका गुणाने राहिल्या."

"मी आठ दिले होते," बाई म्हणाल्या. "त्यांच्या जगण्यावर दुसऱ्या कुणाचं तरी जगणं उभं आहे, हेच तर मूल्य. तुम्ही काय बघितलंत, सर?"

"लेखन," मास्तर म्हणाला.

"लेखन?"

"मला वाटलं, त्यासाठीच बोलावलंय."

"आणि मला मूल्य म्हणजे मोजून आलेला आकडा," डॉक्टर हळूच म्हणाले. "तुम्ही दोघांनी दिले, मी त्यात तपासण्यांचे गुण धरून बेरीज केली."

"मग बदला ना! चूक झाली, बदला!"

"औषध आठांत वाटून झालं, सर. आणि बदलायचं कशावर? तुमची बहीण आहे म्हणून? बाकीच्या बावीस जणांनाही कुणीतरी आहेच."

मास्तर खाली बसला. कसं ठरलं ते ज्याचं त्याला कळावं, म्हणून शेऱ्यांसकट पानं सगळ्यांना पाठवलीत, असं बाईंनी सांगितलं तेव्हा तो ताडकन उठला आणि घराकडे सुटला.

भर दुपार होती. दारात कुंड्या ओल्या होत्या. टेबलावर ताट वाढलेलं होतं, आणि पाण्याच्या पेल्याखाली ते पान.

"बस," ताई म्हणाली. "अक्षर बघताक्षणी ओळखलं. मीच गिरवून घेतलंय तुझ्याकडून, मला नाही ओळखू येणार?"

"ताई, मला माहीत नव्हतं गं. शपथ."

"ठाऊक आहे. अस्पष्ट लिहिलंस ते बरोबरच आहे. पण नाव घातलं असतं तर वशिला झाला असता ना." तिने समोरची खुर्ची ओढली आणि टेबलाचा आधार घेत, दमत दमत बसली. "एवढंच सांग, किती गुण कमी पडले रे?"

मास्तरने घास उचलला होता, तो तसाच हातात राहिला.

"पुष्कळ," तो म्हणाला.

"मग हरकत नाही," ती म्हणाली. "मला आपलं वाटत होतं, एखाद्याने हुकलं की काय. जेव आता. मी बसलेय."