शून्य पूर्णांक नऊ आत्या

बुधवारी दुपारी दोनच्या सुमारास कुंदाआत्या शून्य पूर्णांक नऊ झाली.

प्रांजलीला ते आधी लॅपटॉपच्या पडद्यावर दिसलं आणि मग स्वयंपाकघरात.

"प्रांजू, वरच्या फळीवरचा तिखटाचा डबा काढून माह्या हातात जरा," आत्या म्हणाली, आणि वाक्याचा दहावा शब्द आलाच नाही. तिथे 'दे' असायला हवा होता. प्रांजलीने डबा दिला आणि तो धरणारी बोटं मोजली. नऊ. डाव्या करंगळीच्या जागी जखम नव्हती, व्रण नव्हता. नुसता गुळगुळीत तळहात होता, करंगळी असं काही कधी ठरलंच नव्हतं असा.

लॅपटॉप शाळेचा होता, शनिवारच्या विज्ञान प्रदर्शनासाठी घरी आणलेला. त्यात गावच्या तळ्याचं मॉडेल होतं. शेवाळाची एक चौकट, झिंग्यांची एक, बगळ्यांची एक, माशांची एक, आणि कोण कोणाला खातं ते दाखवणारे बाण. 'चालवा' म्हटलं की पडद्यावर दिवस पळायचे आणि चौकटीतले आकडे वरखाली व्हायचे. नववीत असं मॉडेल करणारी प्रांजली नान्हे एकटीच, आणि हे तिने अख्ख्या शाळेला ऐकवून झालं होतं. माशांची बावीस नावं मात्र आत्याने सांगितलेली. सासर सोडून आल्यापासून आत्या रोज बाबांसोबत जाळं टाकायला जायची. तळं तिला तोंडपाठ होतं.

माशांच्या चौकटीने तीन गोष्टी विचारल्या होत्या. कुळ? आता कुळ विचारल्यावर माणूस काय सांगणार! प्रांजलीने 'नान्हे' लिहिलं. अधिवास? 'तळ्याकाठचं घर.' जास्तीत जास्त किती मावतील? तिने रेशनकार्ड आठवून '३' लिहिलं. कार्डावर बाबा, आई आणि ती. आत्याचं नाव अजून साकोलीला, सासरच्या कार्डावर होतं.

मॉडेलने सगळं नीट ऐकलं होतं. माशांच्या चौकटीखाली आता चार ओळी होत्या: बाबा १.०, आई १.०, प्रांजली १.०, कुंदा ०.८.

तिने 'नान्हे' पुसायला घेतलं. पडद्यावर अक्षरं आली: 'कुळ पुसल्यास कुळातले सर्व पुसले जातील. पुसू?'

तिने 'नको' इतक्या जोरात दाबलं की टेबलावरचा पेन खाली पडला.

आई चहा घेऊन आली. आत्याने सात बोटांनी कप धरला आणि काहीतरी म्हणाली. त्यातलं 'साखर' गळालं.

"आज कुंदाबाईंचं बोलणं किती गोड लागून रायलं," आई हसली. "पुरं ऐकावंच लागत नाही."

प्रांजलीने विज्ञानाच्या जिभकाटे सरांना फोन लावला.

"सर, माझी आत्या शून्य पूर्णांक सहा झाली."

"मग? दशांश येतातच बेटा. सोमवारी तुझे बगळे साडेतीन होते ना?"

"सर, तिला सहाच बोटं आहेत."

"ते तक्त्यावर दाखवू नको, परीक्षक गोंधळतात," सर म्हणाले. "मर्यादा वाढव. आणि वाढीचा दर लहान ठेव हं. मोठा ठेवला तर आकडा थांबायच्या जागी थांबत नाही."

तिने तिनाचे चार केले. मॉडेलने वाढीचा दर विचारला. तिने सगळ्यात लहान दर लिहिला. मॉडेलने लगेच हिशेब दिला: कुंदा, पूर्ण एक, पुढच्या आषाढात. आणि त्या ओळीवरचा आकडा तेवढ्यात ०.३ झाला.

आत्या उंबऱ्यावर बसली होती. उजव्या हाताला तीन बोटं होती, डाव्याला एकही नाही. ती प्रांजलीकडे पाहून बोलू लागली. ओठ पूर्ण वाक्याइतके हलले. "प्रांजू," असं ऐकू आलं, मग बराच वेळ काही नाही, मग "मले", मग काही नाही, मग "भेव".

आत्याला भेव! जी मगरीएवढा वांब मासा कडेवर घेऊन घरी येते तिला!

प्रांजलीने वाढीच्या दरात नऊ लिहिला. मग आणखी एक नऊ. चौकटीत मावले तेवढे नऊ लिहिले आणि 'चालवा' दाबलं.

बोटं आली. चार, सहा, आठ. प्रत्येक बोट आपल्या नखासकट येत होतं, आणि आत्या घाईत हातमोजा घालावा तसे हात झटकत होती. दहावं आलं तेव्हा प्रांजली ओरडली, "बस्स!" आणि तिने 'थांबवा' दाबलं.

'ही फेरी पूर्ण झाल्यावर थांबेल,' मॉडेलने लिहिलं.

आत्या उठली. तिच्या अंगावर आता भरपूर उजेड पडला होता.

"माह्या तोंडाकडे अशी काऊन पाहून रायली, कधी पाह्यलं नाही का," ती म्हणाली, आणि दहा शब्द संपल्यावर अकरावा आला. "आम्हाले?"

प्रांजलीने बोटं मोजली नाहीत.

बाबा तळ्यावरून आले, पाय धुऊन आत आले. आईने चार ताटं मांडली. "कुंदा, आज जाळ्यावर नाही आली?" बाबांनी विचारलं. "एकट्याच्यानं ओढवत नाही ना ते." आत्या हसली आणि पाटावर बसली. पाट कुरकुरला. प्रांजली तिला खेटून बसली. आत्या गरम होती, सगळी होती, तिच्या अंगाला तळ्याचा वास होता, आणि प्रांजलीला रडूच आलं, आनंदाने की कशाने ते तिला कळेना. खोलीच्या कोपऱ्यात लॅपटॉप उघडा होता. कुंदा १.४. वरच्या तिन्ही ओळींतले आकडे उतरायला लागले होते.

"भात वाढू का," आईने विचारलं, आणि 'कोणाला' हा शब्द तिच्या तोंडून निघालाच नाही.

आत्याने उजव्या हाताने भाकरी मोडली. हिरव्या बांगडीच्या डाव्या हाताने पाण्याचा पेला उचलला. मग त्या दोन हातांच्या मधून, पदराखालून, पाच बोटांचा आणखी एक हात आला, तीच हिरवी बांगडी घातलेला, आणि त्याने प्रांजलीच्या ताटातला मासा उचलला.

"सरक ना वं थोडी," कोणीतरी म्हणालं.

आत्याचं तोंड घासाने भरलेलं होतं.