फुंकरीने सुरू होणारी गाडी

शिंप्याच्या गाडीभोवती सकाळपासून खच्चून गर्दी जमली होती. गाडी काल संध्याकाळपर्यंत ठणठणीत होती आणि आज मेल्यासारखी पडली होती. फुंकरबाबा बॉनेटवर वाकला. गाल फुगवून, डोळे गरगरा फिरवून त्याने अशी फुंकर मारली की पुढच्या रांगेतल्यांच्या तोंडावर थुंकी उडाली. चालकाच्या जागेवर त्याचा चेला होता. त्याने किल्ली फिरवली आणि इंजिन सुरू झालं. लोकांनी हात जोडले. थुंकी मात्र कुणी पुसली नाही.

समोरच्या दवाखान्याच्या खिडकीतून डॉक्टरबाई हा तमाशा पाहत होत्या. गेले काही दिवस गल्लीत एकामागून एक गाड्या बंद पडत होत्या आणि एकजात बाबाच्या फुंकरीने सुरू होत होत्या. बाबाचं शास्त्र सोपं होतं. इंजिनाच्या पोटात वाईट वायू कोंडतो आणि वायूला वायूच बाहेर काढतो. तो कोंडतो का, तर घरात कुणीतरी पांढऱ्या पायाचं माणूस असतं म्हणून. बाईंनी एकदोघांना विचारलं, की एवढा वायू बाहेर निघतो तर वास कसा येत नाही? लोक हसले आणि पुन्हा बाबाकडे गेले. बाईंनीही मग विषय सोडला. दवाखान्यात रोगी काही कमी नव्हते.

दुसऱ्या दिवशी मात्र विषयानेच त्यांना गाठलं.

टॅक्सीवाल्याच्या म्हाताऱ्या आईच्या छातीत कळा येऊ लागल्या. त्याने तिला उचलून गाडीत मागे बसवलं, किल्ली फिरवली, पुन्हा फिरवली, पण गाडी चालू होईना. बाई पिशवी घेऊन धावत पोचल्या तेव्हा म्हातारी घामाने निथळत होती, आणि तिचा मुलगा तिच्याकडे न पाहता बाबाच्या तोंडाकडे पाहत होता.

बाबाने फुंकर मारली नाही. एवढी मोठी गर्दी त्याला याआधी मिळाली नव्हती. त्याने डोळे मिटले आणि सांगितलं की हा वायू साधा नाही. या घरात नवऱ्याला खाऊन बसलेली एक बाई आहे. ती सासूलाही नेणार.

घरात अशी एकच होती. टॅक्सीवाल्याची थोरली वहिनी. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी काविळीने गेला होता, आणि तेव्हापासून ती कपडे इस्त्री करून घर चालवायला हातभार लावत होती. सासूची औषधाची गोळी हातात घेऊन ती त्याच वेळी पायऱ्या उतरत होती.

टॅक्सीवाल्याने डिकीतून जॅकचा दांडा काढला. पहिला फटका तिने हातावर झेलला. हाड मोडल्याचा आवाज बाईंनी स्पष्ट ऐकला. दुसरा भुवईवर बसला. ती खाली पडली तशी शिंप्याने तिच्या पोटात लाथ घातली. कालपर्यंत तिच्याकडून कपडे इस्त्री करून घेणाऱ्या दोघी तिचे केस धरून तिला फरफटत न्यायला लागल्या. "गल्लीबाहेर," बाबा शांतपणे म्हणाला. "ती बाहेर गेली की गाडी आपोआप बोलेल."

बाई आधी म्हातारीकडे वळल्या, कारण कुणाला किती वेळ उरलाय हे त्यांना कळत होतं. दूधवाल्याचा टेम्पो कोपऱ्यावर उभा होता. त्यांनी म्हातारीच्या जिभेखाली गोळी ठेवली, आपल्या कंपाउंडरला तिच्यासोबत बसवलं आणि टेम्पो इस्पितळाकडे पिटाळला. मग त्या गर्दीत घुसल्या. कुणाचा तरी कोपर त्यांच्या तोंडावर बसला, ओठ फाटला. त्या वहिनीच्या अंगावर जवळजवळ आडव्याच पडल्या. टॅक्सीवाल्याचा उगारलेला दांडा त्यांच्या खांद्यावर आला, आणि डॉक्टरला मारलं हे लक्षात आल्यावर तो जरासा थबकला.

तेवढं थबकणं पुरेसं होतं.

"आई गेली टेम्पोतून," बाई तोंडातलं रक्त थुंकून म्हणाल्या. "आता गाडीला काय झालंय ते मी बघते. मला नाही सापडलं तर मग बाबांचं ऐका. पण तोवर हिला कुणी हात लावायचा नाही."

बाबा म्हणाला की माणसांच्या डॉक्टरला यंत्रातलं काय कळणार. बाई म्हणाल्या, वायूच असेल तर तो माझाच विषय आहे. मागे कुणीतरी फिसकन हसलं. त्या दिवसातलं ते पहिलं हसू.

त्यांची स्वतःची गाडी याच जातीची होती, जुनी आणि रोगट. तिने त्यांना इतक्या वेळा रस्त्यात सोडलं होतं की तिच्या तक्रारी त्यांना तोंडपाठ झाल्या होत्या. त्यांनी टॅक्सीवाल्याला किल्ली फिरवायला लावली. इंजिन जोरात घरघरलं, पण पेट घेईना. बाईंनी सगळ्यांना ऐकवत सांगितलं की घरघर दमदार आहे, म्हणजे बॅटरी शाबूत आहे. आता किल्ली अर्धीच फिरव. त्यांनी मागच्या सीटला कान लावला. इथे, खाली टाकीत, एक छोटा पंप असतो. किल्ली अर्धी फिरली की तो क्षणभर गुणगुणतो आणि इंजिनाकडे पेट्रोल ढकलतो. आज तो मुका होता. भूक आहे, दात आहेत, पण घास तोंडापर्यंत पोचत नाही, असला हा आजार.

मग त्या स्टीअरिंगखाली वाकल्या. तिथे फ्यूजची डबी असते. बाबाचा चेला लगबगीने पुढे आला आणि म्हणाला की आसन अशुद्ध झालंय, आधी तो ओल्या फडक्याने पुसून घेतो.

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. हा रोज सकाळी गल्लीतल्या गाड्या धुवायचा. सगळे त्याला पुसण्या म्हणत. गाडी आतून पुसायची म्हणून प्रत्येक घरची किल्ली त्याच्या हातात जायची. आणि दर चमत्काराआधी आसन पुसायला तोच आत बसायचा.

त्यांनी डबीचं झाकण उघडलं. पंपाच्या फ्यूजची जागा रिकामी होती.

"फडकं झटक," त्या म्हणाल्या.

पुसण्याने बाबाकडे पाहिलं. बाबाने आकाशाकडे पाहिलं. टॅक्सीवाल्याने फडकं हिसकावलं तसा नखाएवढा प्लॅस्टिकचा तुकडा टपकन रस्त्यावर पडला.

बाईंनी तो उचलून जागेवर दाबला. किल्ली अर्धी फिरताच मागून बारीक गुणगुण आली आणि पूर्ण फिरताच इंजिन सुरू झालं. त्यांनी तुकडा उपटला. गाडी खोकत खोकत बंद पडली. मग त्यांनी तो शिंप्याच्या हातात दिला. शिंप्याने बसवला, गाडी सुरू. काढला, बंद. फुंकर कुणीच मारली नव्हती, आणि रक्ताळलेली वहिनी अजून गल्लीतच होती.

मग शिंप्याने पुसण्याच्या नाकावर ठोसा मारला. गर्दी बाबावर तुटून पडली. मघाशी वहिनीचे केस धरणारे हात आता बाबाच्या दाढीत होते. टॅक्सीवाला रडत होता आणि तोच दांडा बाबाच्या डोक्यावर उगारत होता. बाई ओरडत होत्या, पण त्यांचं कुणी ऐकेना.

"भाऊजी, थांबा."

वहिनी भिंतीला टेकून उठून बसली होती. एक डोळा मिटलेला, मोडका हात मांडीवर.

"तो मला जिवंत हवाय," ती म्हणाली. "त्याने काय केलं ते त्याला कोर्टात सांगू दे. तुम्ही काय केलंत ते तुम्ही सांगा. त्याने फक्त तुकडा काढला होता. दांडा तुम्ही काढलात."

दांडा हळूहळू खाली आला.

पोलीस आले आणि बाबाला व पुसण्याला घेऊन गेले. वहिनीच्या तक्रारीवरून टॅक्सीवाल्याला, शिंप्याला आणि त्या दोघींनाही नेलं. शेजारपाजारचे वहिनीला समजवायला गेले, की घरचीच माणसं आहेत, रागाच्या भरात झालं, तक्रार मागे घे. ती घेणार नव्हतीच. पण म्हातारी वाचली, आणि इस्पितळाच्या खाटेवरूनच तिने जबाब दिला, की मागच्या सीटवरून तिने सगळं पाहिलं आहे आणि हात उचलणारा तिचाच मुलगा होता. त्यानंतर समजवायला कुणी गेलं नाही.

डॉक्टरबाईंकडे मात्र लोक येऊन विचारत, की बाबा खोटा निघाला हे ठीक, पण खरा कसा ओळखायचा? टाके पडलेल्या ओठाने बाई त्यांना एकच सांगत. तुकडा सापडला म्हणून ती बाई निर्दोष ठरली असं समजू नका. तो सापडला नसता, गाडी खरोखरच बिघडली असती, तरी ती निर्दोषच होती. बंद पडलेल्या गाडीचं कारण गाडीत शोधायचं असतं. लगेच नाही सापडलं, तर "अजून कळलं नाही" म्हणायला शिका. त्या तीन शब्दांनी आजवर कुणाचं हाड मोडलेलं नाही.