वीतभर पातं

मी सुरी बोलतेय. उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या लेहतोवारा गावी, शिकारमंडळाच्या शेडमध्ये, मांस कापायच्या टेबलामागच्या भिंतीला, एका खिळ्यावर मी टांगलेली आहे. माझं पातं काळंभोर, वीतभर लांब, आणि पाठीला करवतीसारखे दाते. पहिल्यांदा पाहणारा हमखास "वा!" म्हणतो. त्या "वा!"ची मला इतकी लाज वाटते, की जमलं असतं तर भिंतीकडे तोंड करून लटकले असते.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. एकाच साच्यातून आम्ही हजारोंनी निघालो. आमचा आराखडा काढणाऱ्याने आयुष्यात कधी घोड्याएवढ्या मूस हरणाचं पोट उघडलं नसणार, हे मी पैजेवर सांगते. काचेआड आम्ही कशा दिसू, एवढंच त्याने पाहिलं होतं.

दुकानात माझ्या शेजारी लाल प्लास्टिकच्या मुठीची एक सुरी होती. पातं जेमतेम तळव्याच्या रुंदीएवढं, टोक खाली झुकलेलं. किंमत दोघींची सारखीच, पंचवीस युरोच्या आत. मी तिला हसायचे. "तुला पाहून उंदीरसुद्धा पळायचा नाही," मी म्हणायचे.

"उंदीर पळवायला मला कुणी नेतच नाही," ती शांतपणे म्हणायची.

मग एका सप्टेंबरात सेवेरी आला. पस्तिशीचा माणूस, बरीच वर्षं शहरात काढून गावी परतलेला. शिकारमंडळाने त्याला एका हंगामापुरतं आजमावून पाहायला घेतलं होतं. कायम ठेवायचं की नाही, हे हंगामानंतर ठरणार होतं. त्याला ते हवं होतं, फार हवं होतं. त्या गावात शरद ऋतूत ज्याला शिकारीला बोलावणं नाही, त्याच्याशी हिवाळाभर बोलायचं तरी काय, असं लोकांना वाटतं. त्याच्याबरोबर आतोस होता. आतोस शहात्तर वर्षांचा, आणि चाळीस वर्षं मंडळाने टिपलेल्या प्राण्यांची पोटं साफ करत आलेला.

सेवेरीने मला उचललं, तसा आतोस खो-खो हसला. "ही कशाला रे? अस्वलाशी कुस्ती खेळायचीय?"

"स्वस्त आहे की!"

"ती लाल मुठीची पण स्वस्तच आहे. पोट उघडायला तळव्याएवढं पातं पुरतं. आणि लाल मूठ बर्फात पडली तरी सापडते."

"ती मासे साफ करायची वाटते, आतोस. हिला दाते आहेत बघ. हाडंही कापता येतील."

"हाडांना शेडमध्ये करवत आहे, बाबा. पण पैसे तुझे, हौस तुझी. माझं काय जातं?"

सेवेरीने मला घेतलं. मी त्याच्या कमरेला लटकले आणि मिरवले. हो, मिरवलेच.

ऑक्टोबरात, दलदलीच्या कडेला, सेवेरीने त्याचं पहिलं मूस हरीण टिपलं. आमच्याकडे ज्याची गोळी, त्यानेच पोट उघडायचं; आतली सफाई आतोसची. बाकीचे गाडी आणायला गेले. आतोस मंडळाच्या शिकारी कुत्र्याला घेऊन लांबून येत होता. तिथे फक्त सेवेरी आणि मी होतो.

हे काम कसं करतात, ते सांगते. धार वर ठेवायची. पात्याच्या दोन्ही बाजूंना दोन बोटं आतून टेकवायची, म्हणजे बोटं आतड्यांना खाली दाबतात आणि टोक कातडीखालून अलगद सरकतं. सेवेरीला हे माहीत होतं. त्याने तसंच केलं. पण माझं टोक बोटांच्या कितीतरी पुढे गेलेलं! त्याला दिसेना, मला आवरेना. दाते कातडीत अडकले, त्याने हिसका दिला, आणि मी पोटपिशवीत घुसले.

हिरवा, आंबूस रस आतल्या मऊ मांसावर पसरला. तिथलंच मांस सगळ्यात चांगलं असतं.

सेवेरी घाबरला. घाण झालेला भाग तिथल्या तिथे कापून टाकायचा, नाहीतर कोरड्या फडक्याने टिपायचा. पाणी कधीच घालायचं नाही. पण त्याला चूक सुधारायची नव्हती, लपवायची होती. त्याने टोपीत दलदलीचं पाणी भरून आत ओतलं, आणि घाण आणखी लांब गेली. मग मला शेवाळात पुसून म्यानात घातलं.

तेवढ्यात आतोस आला. "ओलं कशाला केलंस?"

"रक्त फार होतं."

"हो बाजूला. पुढचं मी दाखवतो." आतोसने आपली छोटी सुरी काढली. त्याचे हात थोडे थरथरायचे, पण सुरी हातात आली की थांबायचे. त्याने पोटपिशवी ओढली आणि हिरवी धार लागली. तो दचकला. आधी आपल्या सुरीकडे पाहिलं, मग हातांकडे.

"लागलं वाटतं माझ्या हातून," तो म्हणाला.

सेवेरी खाली वाकून आपली बंदूक पुसायला लागला. आणि मी? खरं सांगते, मला बरं वाटलं. म्यानात अंग चोरून बसले आणि मनात म्हटलं, सुटलो आम्ही दोघं. आजही ते आठवलं की मला गंज चढावा असं वाटतं.

शेडमध्ये आल्यावर आतोसने आपण होऊन सगळ्यांना सांगितलं. "माझ्या हातून झालं. बोटं बधिर झाली होती."

हिल्का आमच्या मंडळाची प्रमुख. तोंडाने फटकळ, पण त्या दिवशी तिचाही आवाज खाली आला. "होतं रे, आतोस. पण पुढच्या वर्षी तू कुत्रा सांभाळ. सुरी राहू दे."

"बरं," आतोस म्हणाला, आणि कॉफी न पिताच घरी गेला.

माणसं एवढी साधी वाक्यं का बोलत नाहीत? "मी केलं." दोनच शब्द! सेवेरी रोज संध्याकाळी घरी मला टेबलावर ठेवून माझ्याकडे बघत बसायचा. जणू मीच उठून सांगणार होते.

मांस चार दिवस शेडमध्ये टांगून ठेवलं होतं, ते रविवारी कापलं. आंबलेला भाग काढून एका बादलीत टाकला, बराच निघाला. आतोस आला, पण दाराशी बाकावर बसून राहिला. त्याच्या कमरेला सुरी नव्हती. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

मग वाटे घातले. आमच्याकडे सगळ्यात नव्या माणसाने भिंतीकडे तोंड करायचं. हिल्का एकेका वाट्यावर हात ठेवून "कुणाचा?" विचारते आणि तो न बघता नाव घेतो. कुणावर अन्याय नको म्हणून ही रीत. सेवेरी नावं घेत गेला. "पेन्तीचा." "हिल्काचा." "आतोसचा." सगळे वाटे संपले.

पेन्ती मंडळातला टवाळखोर. त्याने त्या बादलीला पायाने ठोकर मारली. "आणि ही रे कुणाची?"

दोघं-तिघं हसले. आतोसही हसला. मान खाली घालून हसतात ना, तसं.

"माझी," सेवेरी म्हणाला.

"अरे वेड्या, बादली म्हणतोय मी."

"बादलीच. पोट मी फोडलं. आतोस यायच्या आधीच. पाणी ओतून लपवलं."

हिल्काने हात पुसले. "चार दिवस गप्प बसलास?"

"चार दिवस."

"वळ की आता इकडे," आतोस म्हणाला. "भिंतीला काय सांगतोस?"

सेवेरी वळला. त्याने मला म्यानातून काढून टेबलावर ठेवलं. आतोसने मला उलटून-पालटून पाहिलं. दुकानातलं बोलणं त्याने काढलं नाही.

"असली सुरी घेऊन मी घरात पावसुद्धा कापायचो नाही," पेन्ती पुटपुटला.

सेवेरीला मंडळाने काढलं नाही. पुढचा पूर्ण हंगाम बंदूक नाही, फक्त शेड धुवायची, असं हिल्काने फर्मावलं. मला कचऱ्यात टाकत होते, तर आतोसच म्हणाला, "ठेवा. नव्या माणसांना दाखवायला बरी." तेव्हापासून मी या खिळ्यावर आहे. दर सप्टेंबरात कुणीतरी "वा!" म्हणतं, आणि सेवेरी मला खाली काढून सगळं सांगतो. स्वतःची चूक न गाळता सांगतो. मी पुन्हा पुन्हा ऐकते.

तुम्ही कधी सुरी घ्यायला गेलात, तर ती कशी दिसते हे विचारू नका. कामाला किती पातं लागतं ते विचारा, आणि चाळीस वर्षं काम केलेला माणूस सांगत असेल तर ऐका. माझ्यासारखीला काचेआडच राहू द्या.

आतोसची सुरी त्याच्या कमरेला परत आली. त्याने सेवेरीला माफही केलं, दोघं सोबत सौनात वाफेच्या स्नानाला जातात. पण हल्ली पोट साफ करायला वाकला, की आतोस आधी क्षणभर आपल्या हातांकडे बघतो. पूर्वी बघायचा नाही.

ते बघणं त्याला मी दिलं. ते कसं परत घेऊ?